बारकोडला भाव ठाऊक नसतो

बारकोड म्हणजे रेघांत लिहिलेला क्रमांक आणि क्यूआर कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकोनांत लिहिलेला मजकूर. किराणा दुकानाच्या बिलिंग ॲपमध्ये या दोन्हींची सोय करायची, तर आधी एक समजूत दूर करावी लागते. बिस्किटाच्या पुड्यावरच्या रेघांत त्या पुड्याचे नाव, वजन, भाव, जीएसटी आणि मुदत संपण्याची तारीख असे सगळे दडलेले असते, असे दुकानदार मानतो, गिऱ्हाईक मानते आणि ॲप बनवणारा भाचाही सुरुवातीला मानतो. (दुकानाचे ॲप बहुधा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या भाच्याकडूनच करून घेतात, त्याला पैसे द्यावे लागत नाहीत आणि त्याला मामाला नाही म्हणता येत नाही.) त्या रेघांत तेरा आकडी क्रमांकापलीकडे काहीही नसते. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर जो पत्र्याचा बिल्ला मिळतो, त्याला चपला कोल्हापुरी आहेत की रबरी याचा पत्ता नसतो. बारकोडचे अज्ञान त्याच जातीचे. नाव, भाव, कर ही माहिती ॲपच्या कोष्टकात कुणीतरी बसून भरावी लागते. हे ‘कुणीतरी’ म्हणजे कोण, यावर घरात एकमत होईपर्यंत ॲपचे काम पुढे सरकत नाही.

या अज्ञानाला इतिहासाचा आधार आहे. अमेरिकेतल्या नॉर्मन जोसेफ वुडलंड यांनी मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर बसून वाळूत बोटे ओढली, मोर्स लिपीतले ठिपके आणि रेघा खाली लांबवल्या, आणि बर्नार्ड सिल्व्हर यांच्यासह 1949 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट 1952 मध्ये मिळाले. दुकानात बारकोड पोचायला आणखी बावीस वर्षे गेली. 26 जून 1974 रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी च्युइंगमचे एक पाकीट स्कॅन झाले आणि 67 सेंटचे बिल निघाले. ते 67 सेंट दुकानाच्या संगणकाला माहीत होते. पाकिटाला तेव्हाही माहीत नव्हते.

आपल्याकडच्या पुड्यांवर जो तेरा आकडी बारकोड असतो त्याला ईएएन-13 म्हणतात. भारतात नोंदलेल्या कंपन्यांचे क्रमांक 890 ने सुरू होतात. यावरून ‘890 म्हणजे स्वदेशी माल’ असा निष्कर्ष व्हॉट्सॲपवर फार पूर्वीच काढण्यात आला असून तो सकाळच्या सुप्रभातासोबत नियमित येतो. प्रत्यक्षात 890 चा अर्थ एवढाच, की कंपनीने क्रमांक जीएस1 या संस्थेच्या भारतीय शाखेकडून घेतला. माल कुठे तयार झाला, हे त्यावरून कळत नाही. पुस्तकांवरचे क्रमांक बहुधा 978 ने सुरू होतात. असा कुठला देश नकाशावर नाही.

या तेरा आकड्यांतली गंमत अशी, की पहिल्या आकड्यासाठी रेघाच काढलेल्या नसतात. अमेरिकन क्रमांक बारा आकडी होता. युरोपला आणखी एक आकडा हवा होता आणि रुंदी मात्र वाढवायची नव्हती. तेव्हा डावीकडचे सहा आकडे दोन निरनिराळ्या पद्धतींनी काढायचे आणि त्या मिसळीवरून पहिला आकडा ओळखायचा, असे ठरले. शेवटचा आकडा पडताळ्याचा. पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणून बेरीज करायची. ती पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जेवढे कमी पडते, तो तेरावा आकडा. एक आकडा चुकला तर ही युक्ती हमखास पकडते. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडते. मात्र त्या दोघांत पाचाचे अंतर असेल, म्हणजे 16 च्या जागी 61 पडले, तर तिला पत्ताच लागत नाही. चाचणीसाठी कंटाळलेल्या माणसाने 8901234567890 हा क्रमांक टाइप केला, तर ॲपने तो नाकारावा अशी अपेक्षा असते. पण बारा आकड्यांची बेरीज 130 येते, पडताळ्याचा आकडा शून्यच निघतो आणि क्रमांक नियमाप्रमाणे बरोबर ठरतो.

ॲपच्या कोष्टकात बारकोडचा रकाना तयार करताना त्याचा प्रकार ‘मजकूर’ ठेवावा, ‘संख्या’ ठेवू नये. बारकोड संख्येसारखा दिसतो, पण बारकोडांची बेरीज करायची पाळी कुणावर येत नाही. संख्या मानली की सुरुवातीचे शून्य गळते. एक्सेलचा उत्साह तर त्याहून दांडगा: रकाना साधा ठेवला तर तेरा आकडे पाहताच ते त्यांचे 8.90123ई+12 असे शास्त्रीय रूप करून दाखवते. तीच फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली, की उरलेले आकडे कायमचे जातात. दुकानातल्या सगळ्या वस्तूंना मग जवळजवळ एकच क्रमांक लागतो आणि साबण स्कॅन केला तर बिलावर साबुदाणा येतो.

उलट बाजूची अडचण खास भारतीय आहे. एकाच बारकोडच्या पुड्यावर जुन्या मालात एक एमआरपी आणि नव्या मालात दुसरी, असे सर्रास असते. कोष्टकात एका बारकोडपुढे एकच भाव मावत असेल, तर ॲप नव्या भावाने जुना पुडा विकते आणि गिऱ्हाईक छापील किमतीवर बोट ठेवते. म्हणून एका बारकोडखाली अनेक भाव ठेवण्याची सोय हवी, आणि स्कॅन केल्यावर ‘यांपैकी कोणता?’ असे ॲपने विचारायला हवे. दुकानदाराला हा प्रश्न आवडत नाही. यंत्र आणले ते विचारायचे बंद व्हावे म्हणून, असे त्याचे म्हणणे असते.

सुट्या आणि घरगुती मालाला कंपनीचा क्रमांक नसतो. दुकानातल्या दुकानात वापरण्यासाठी 20 ते 29 ने सुरू होणारे क्रमांक राखून ठेवलेले आहेत. मॉलमध्ये वांगी तोलून जे लेबल चिकटवतात, त्यावर असा क्रमांक असतो आणि त्यातच वजन किंवा रक्कम बसवलेली असते. भाव ठाऊक असलेला बारकोड म्हणायचा तर एवढाच. घरच्या भाजणीच्या पाकिटांना कोड-128 हा प्रकार सोयीचा: त्यात रोमन अक्षरे आणि आकडे दोन्ही बसतात, लांबीचे बंधन सैल असते. देवनागरी मात्र त्यात बसत नाही, आणि इथे मामांचा मराठी बाणा जागा होतो. मग क्यूआर कोडकडे वळावे लागते.

क्यूआर कोड 1994 मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांसाठी तयार केला. सर्वांत लहान कोड 21 बाय 21 चौकोनांचा, सर्वांत मोठा 177 बाय 177 चा. जपानी लिपीसाठी त्यात खास सोय आहे. देवनागरीसाठी नाही, मराठीचे प्रत्येक अक्षर, काना आणि वेलांटी तीन-तीन बाइटे खाते. ‘थालीपीठ भाजणी’ हे नाव असे 37 बाइटांचे होते आणि मध्यम दुरुस्तीक्षमता (कोडचा काही भाग खराब झाला तरी तो वाचता येण्याची सोय) ठेवली तर 29 बाय 29 चा कोड लागतो. हेच रोमन लिपीत लहान अक्षरांत लिहिले तर 25 बाय 25 मध्ये भागते, आणि मोठ्या अक्षरांत लिहिले तर 21 बाय 21 मध्येच मावते, कारण मोठ्या अक्षरांसाठी काटकसरीची वेगळी पद्धत आहे. यावर घरात जो वाद होतो त्याचा निकाल सोपा आहे: नाव कोडमध्ये घालूच नये. कोडमध्ये छोटा क्रमांक घालावा, ‘थालीपीठ भाजणी’ कोष्टकात लिहावे आणि लेबलावर ते शुद्ध मराठीत ठळक छापावे. माणसाने नाव वाचावे, यंत्राने क्रमांक.

छपाई हा या विषयातला सर्वांत निर्दय भाग. स्वस्त लेबल प्रिंटर एका मिलिमीटरला 8 ठिपके उमटवतो. ईएएन-13 ची सर्वांत बारीक रेघ प्रमाण आकारात 0.33 मिलिमीटरची, म्हणजे 2.64 ठिपक्यांची. प्रिंटरला 0.64 ठिपका काढता येत नाही. दोन ठिपके धरले तर कोड परवानगीच्या किमान आकाराखाली, 76 टक्क्यांवर जातो. तीन धरले तर दोन्हीकडच्या मोकळ्या जागेसह तो सुमारे 42 मिलिमीटर रुंद होतो, आणि दुकानात 38 मिलिमीटरच्या लेबलांची रिळे आधीच डझनाने घेऊन ठेवलेली असतात, कारण ती स्वस्त मिळाली होती. अशा वेळी ॲपच्या सेटिंगमध्ये ‘लेबलात बसवा’ हा पर्याय निवडला जातो. कोड दबतो, रेघा एकमेकींत शिरतात आणि स्कॅनर मुका होतो. लेबल 50 मिलिमीटरचे घ्यावे, हा एकच इलाज.

मोकळी जागा वाया गेलेली नसते. ईएएन-13 च्या डावीकडे बारीक रेघेच्या अकरापट आणि उजवीकडे सातपट कोरी जागा लागते. क्यूआर कोडभोवती चारी बाजूंनी चार चौकोनांएवढी. रेघा कुठे सुरू होतात हे यंत्राला त्यावरूनच कळते. मराठी माणसाला कोरी जागा दिसली की तिथे ‘शुभ लाभ’ लिहावेसे वाटते. ते लेबलाच्या वरच्या कडेला लिहावे. रंगाचेही तसेच. कुंकवाच्या लाल रंगात, पांढऱ्यावर छापलेला बारकोड देखणा दिसतो, पण लाल उजेडाच्या स्कॅनरला लाल रेघ पांढरीच भासते. काळ्यावर पांढरा असा उलटा कोडही अनेक स्कॅनर वाचत नाहीत.

क्यूआर कोडमध्ये दुरुस्तीक्षमतेच्या चार पायऱ्या असतात; सर्वांत खालची सुमारे 7 टक्के नुकसान भरून काढते, सर्वांत वरची सुमारे 30 टक्के. मधोमध दुकानाचे बोधचिन्ह हवे असेल तर वरची पायरी निवडावी. कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन मात्र या हिशेबात धरू नयेत. कोड कुठे आहे आणि कसा फिरला आहे, हे कॅमेरा त्यांच्यावरूनच ओळखतो. दसऱ्याला गल्ल्याजवळच्या क्यूआर फलकाला झेंडूचा हार घालतात तो नेमका वरच्या दोन चौकोनांवर रुळतो. हार फलकाखाली ठेवला तरी देवाला पोचतो.

आता वाचनाकडे. फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करायचे तर परवानगी लागते. आयफोनवर कॅमेरा कशाला हवा याचे कारण ॲपमध्ये आधीच लिहिलेले नसेल, तर कॅमेरा उघडताच ॲप बंद पडते. अलीकडच्या अँड्रॉइडवर वापरणाऱ्याने दोनदा नकार दिला की फोन पुन्हा विचारत नाही. म्हणून परवानगी ॲप उघडल्याबरोबर मागू नये. ‘स्कॅन करा’ बटण दाबल्यावर मागावी. वाचायचे प्रकारही मोजकेच निवडावेत. सगळे प्रकार चालू ठेवले तर कॅमेरा पुड्यावरचा बारकोड सोडून शेजारचा स्पर्धेचा क्यूआर कोड वाचतो. शिवाय कॅमेरा एका सेकंदात अनेक चित्रे टिपतो आणि प्रत्येक चित्रात बारकोड असतोच. दोन वाचनांमध्ये क्षणभराची सक्तीची विश्रांती ठेवली नाही, तर एक पुडा घेणाऱ्या आजींचे वीस पुड्यांचे बिल फाटते.

वायरचा स्कॅनर ॲपच्या दृष्टीने कीबोर्डच असतो. तो क्रमांक टाइप करतो आणि बहुधा शेवटी एंटर दाबतो. कर्सर ज्या चौकटीत असेल तिथे क्रमांक जातो. गिऱ्हाइकाच्या नावाच्या चौकटीत असेल तर 8901234567890 नावाचे सद्गृहस्थ उधारीच्या यादीत दाखल होतात. कीबोर्ड मराठीवर ठेवलेला असेल, तर कोडमधली रोमन अक्षरे देवनागरीत उमटतात आणि वस्तू सापडत नाही. म्हणून बिलाचा पडदा उघडताच कर्सर आपोआप बारकोडच्या चौकटीत जाईल असे पाहावे.

पैसे घेण्याचा यूपीआय क्यूआर हा निराळा प्राणी. त्यात खात्याचा यूपीआय पत्ता, दुकानाचे नाव आणि चलन असते. रक्कम घातली नाही तर तो फलक कायम टांगता येतो आणि आकडा गिऱ्हाईक टाकते. ॲपने प्रत्येक बिलासाठी रक्कम घालून नवा कोड दाखवला तर 540 च्या जागी 54 रुपये येण्याचा प्रश्न मिटतो. कोड स्कॅन झाला म्हणजे पैसे आले असे मात्र नव्हे. ॲपमध्ये ‘पैसे मिळाले’ ही नोंद बँकेकडून खात्री आल्यावरच व्हावी. आणि पैसे घेण्यासाठी दुकानदाराला ना काही स्कॅन करावे लागते, ना पिन द्यावा लागतो. कुणी तसे सांगत असेल तर तो गिऱ्हाईक नव्हे.

एवढे झाल्यावर चाचणी. ती भाच्याच्या नव्या फोनवर, त्याच्या खोलीतल्या ट्यूबलाइटखाली घेऊ नये; तिथे सगळे कोड वाचले जातात. लेबल खऱ्या प्रिंटरवर काढावे, तेलकट पाकिटावर चिकटवावे, आणि दुकानातल्या सर्वांत जुन्या, काच तडकलेल्या फोनने, संध्याकाळच्या गर्दीत स्कॅन करून पाहावे. हजार लेबले त्यानंतर छापावीत.