मेलबर्नचे बड्डे

परदेशी राहायला गेलेल्या माणसाने निदान पहिले काही महिने तरी भांबावलेलं असावं, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. जबलपूरचा मराठी माणूस ती पुरी करत नाही. हे गाव 1781 ते 1817 मराठ्यांकडे होतं आणि 1904 मध्ये इथे गन कॅरेज फॅक्टरी निघाली. कुणाचा खापरपणजा फौजेमागून आला, कुणाचा आजा फॅक्टरीत चिकटला. तेव्हापासून मंडळी परमुलखातच आहेत, आणि मुलूख परका असला तरी तो आपल्याच तालावर चालला पाहिजे याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही.

आमचे बड्डे याच जातीचे. (जबलपुरात थोरल्या भावापासून पानवाल्यापर्यंत कुणालाही ‘बड्डे’ म्हणतात, यांना मात्र त्यांची सूनसुद्धा म्हणते.) गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झाले, राइट टाउनातलं घर भाड्याने दिलं आणि काकूंना घेऊन मुलाकडे मेलबर्नला कायमचे गेले. टार्नीट नावाच्या उपनगरात राहतात. रविवारी फोन येतो. “काय बड्डे, काय चालू आहे?” अशी सुरुवात तेच करतात, आणि मग मेलबर्नचं काय चुकतंय ते सांगतात.

पहिली चकमक विमानतळावरच झडली. ऑस्ट्रेलियात आपल्याकडची दुधाची मिठाई नेऊ देत नाहीत. जनावरांचे रोग येतील अशी त्यांना धास्ती. बड्डेंच्या बॅगेत खोव्याच्या जलेबीचा डबा. फॉर्मवर खरं लिहिल्यामुळे दंड वाचला, जलेबी वाचली नाही. “मी त्या अधिकाऱ्याला म्हटलं, फेकायच्या आधी एक खाऊन तर बघ. नाही म्हणाला. पण डब्याकडे बघून राहिला होता!”

घरी पोचल्यावर सूर्याने दगा दिला. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, हे शाळेत भूगोलात शिकवलेलं त्यांनी गांभीर्याने घेतलं नव्हतं. काकूंचे पापड त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने घराच्या दक्षिणेला वाळत घातले आणि संध्याकाळी जसेच्या तसे ओले उचलले. संक्रांत तर ऐन उन्हाळ्यात. जबलपुरात तेव्हा कानटोपी घालून तिळगूळ वाटतात. तिथे बड्डे अर्ध्या चड्डीत वाटत फिरले. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सरकार घड्याळ तासभर पुढे ढकलतं, एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतं. ज्या माणसाने जन्मभर फॅक्टरीच्या भोंग्यावर घड्याळ लावलं, त्याला हा पोरकटपणा वाटणारच. यात मी त्यांच्याच बाजूचा आहे.

यारा नदीलाही त्यांनी तपासून घेतलं. तिचं पाणी मातकट. “काठ बघशील तर चाटून घ्यावा असा स्वच्छ, आणि पाणी हे असं!” तरी नदी ती नदी म्हणून ‘नर्मदे हर’ म्हणून दोन पैसे टाकायला निघाले होते, मुलाने हात धरला. शेजारच्या व्हिएतनामी आजोबांशी त्यांचं चांगलं जमतं. दोघांनाही एकमेकांचं अक्षर कळत नाही, पण कचऱ्याची गाडी यायच्या आदल्या रात्री लाल झाकणाचा डबा बाहेर ठेवायचा की पिवळ्या, यावर ते कुंपणाशी उभं राहून बराच वेळ चर्चा करतात.

मराठी मंडळाच्या गणपतीत एका पुणेकर बाईंनी त्यांना विचारलं, “तुम्ही मराठी छान बोलता हो, कधी शिकलात?” बड्डे म्हणाले, “पाच पिढ्यांपासून शिकून राहिलो आहे.”

मेलबर्नची एकच गोष्ट त्यांना मनापासून पसंत पडली. शहराच्या मध्यभागी ट्रामच्या रुळांमुळे काही चौकांत उजवीकडे वळायचं असेल तर गाडी सगळ्यात डावीकडे घ्यावी लागते. तिथे थांबायचं, आणि सिग्नल बदलला की सगळ्यांच्या पुढून उजवीकडे. नवखे ड्रायव्हर या वळणाला घाबरतात. बड्डे गहिवरले. “अरे, जबलपूरला बड्या फुहाऱ्याच्या चौकात आपण आणखी काय करतो? यांनी फक्त पाटी लावली!”

इतकं असून लायसन्स त्यांना मिळालं नाही. लेखी परीक्षा पास; रस्त्यावरच्या परीक्षेत दोनदा नापास. बाजूला सरकण्याआधी मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं असतं. बड्डेंचं म्हणणं, मागून येणाऱ्याने आपल्याला बघावं. काकूंनी जबलपुरात शाळेत शिकवायला जाताना आयुष्यभर लूना चालवली. त्या पहिल्याच खेपेला पास झाल्या. आता काकू गाडी चालवतात, बड्डे शेजारी बसून सूचना करतात. हॉर्न दे. घुसव. थांबतेस कशाला, तो थांबेल.

परवाच्या फोनवर काकूंनीच सांगितलं. चौकात पोचायच्या आत बड्डेंनी खिडकीतून अख्खा हात बाहेर काढला आणि मागच्या गाडीला तळवा दाखवून थांबवलं. तिथे असा हात बाहेर काढला तर दंड होतो. काकू म्हणाल्या, “हात आत घ्या.” बड्डे म्हणाले, “तू वळ, मी बघतो.” काकूंनी आपल्या बाजूचं बटन दाबून त्यांची काच वर केली.