डाउनलोड बंद, झेरॉक्स चालू

पनवेलहून ठाणे लोकल पकडून ऐरोलीच्या कंपन्यांत जाणाऱ्या मंडळींची सध्या एक तक्रार ऐकू येते. घरच्या लॅपटॉपवर ऑफिसची फाइल उघडते, दिसते, वाचता येते, पण उतरवून घेता येत नाही. वर पट्टी झळकते: हे मशीन कंपनीच्या नोंदीत नाही, सबब डाउनलोड बंद, प्रिंट बंद.

व्यवस्था शहाणी आहे, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. कंपनीच्या लॅपटॉपवर उतरलेल्या फाइलवर कंपनीचा हात असतो. लॅपटॉप लोकलमध्ये राहिला तर दुरून पुसता येतो. तीच फाइल चिरंजीवांच्या गेमच्या लॅपटॉपवर उतरली की संपलं. साहेब नोकरी सोडतात, फाइल घरीच नांदते. म्हणून लॉगिन होताना माणसाबरोबर मशीनचीही झडती घेतात. गूगल ड्राइव्हवर तर साध्या माणसालाही हे जमतं: नुसतं बघणाऱ्याचं डाउनलोडचं बटण एका टिचकीत काढून घेता येतं.

बटण काढून घेतल्यावर साहेब काय करतात? मोबाइल काढतात, स्क्रीनचा फोटो मारतात आणि 'टीम'च्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळे होतात. जरासा तिरका, खाली टेबलावर पोह्यांची बशी, पण पगाराचे आकडे स्वच्छ. त्यावर अजून तरी कुठल्या सॉफ्टवेअरकडे पक्का इलाज नाही.

असो. तिथे निदान कुणीतरी दार लावायचा विचार केला. आता हेच साहेब रजा टाकून दाखल्यासाठी सरकारी खिडकीवर येतात तेव्हाचा देखावा बघा. डिजिलॉकर 2015 पासून आहे. त्यात खात्याकडून थेट आलेला कागद मुळाइतकाच ग्राह्य, असं सरकारचाच नियम सांगतो. खिडकी सांगते, "प्रिंट आणा." घरी प्रिंटर ठेवतो कोण? पावलं आपोआप समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे वळतात.

दुकानाच्या काचेवर पुठ्ठा: 'फाइल या नंबरवर पाठवा.' आपण पाठवतो. दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब सकाळपासून उघडंच असतं. आधारच्या साइटवरून घेतलेली फाइल कुलूपबंद असते, पण पोरगा पासवर्ड विचारतही नाही. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, हे सूत्र त्याला पाठ आहे. नाव चॅटवर दिसतंच, साल तेवढं विचारतो: "काका, जन्म कितीचा?" रांगेतल्या आठ जणांसमक्ष आपण खणखणीत आवाजात सांगतो. दोन प्रती निघतात, पैसे दिले जातात, आपण निघतो. फाइल मागे राहते, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये, कालच्या कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या आणि परवाच्या कुणाच्या पॅनकार्डाच्या शेजारी. ज्या माणसाला कंपनी स्वतःच्या घरात स्वतःच्या मशीनवर फाइल उतरवू देत नाही, तो आपलं अख्खं कूळ अनोळखी मशीनवर उतरवून 'सुट्टे नाहीत का' यावर वाद घालतो.

पोराला दोष देऊ नका. दिवसभरात इतकी माणसं येतात, तो पुसणार कधी? आणि पुसायचं असतं, हे त्याला सांगितलंय कुणी?

खरं तर एकदा सांगितलं होतं. मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं: आधारची प्रत सरसकट कुणालाही देऊ नका, शेवटचे 4 आकडेच दाखवणारं मास्क्ड आधार वापरा, सायबर कॅफेत आधार उतरवू नका, उतरवलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा. इतकं सरळ, कामाचं सरकारी पत्रक क्वचितच निघतं. त्यामुळे ते 2 दिवसांत मागे घेण्यात आलं. लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणे. लोक घाबरतील ही भीती खरी होती. सगळ्या हॉटेलांच्या आणि कचेऱ्यांच्या कपाटांत पडलेल्या झेरॉक्सांचं काय, असं कुणी विचारलं असतं तर पंचाईत होती.

आधारचे आकडे बाहेर गेले की काय होतं, ते पनवेलकरांना वेगळं सांगायला नको. 2024 मध्ये खारघरच्या एका बाई 'लाडकी बहीण'चा अर्ज भरायला गेल्या, तर त्यांच्या आधार क्रमांकावर आधीच अर्ज झालेला. बहीण खारघरची, लाड भलत्याच ठिकाणी. धागा निघाला सातारा जिल्ह्यात; तिथल्या एका जोडप्यावर दुसऱ्या बायकांचे आधार क्रमांक घालून तीसच्या आसपास अर्ज भरल्याचा आरोप झाला. यात क्लाउड फोडायची, सर्व्हरवर हल्ला करायची काही गरज नव्हती. 12 आकडे पुरले.

आता कायदाही आला आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा 2023 चा, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 चे, आणि मुख्य जबाबदाऱ्या अंगावर घ्यायला दीड वर्षाची सवलत. डेटा नीट न सांभाळल्यास दंड 250 कोटी रुपयांपर्यंत. एक झेरॉक्स 2 रुपये धरली तर ही रक्कम 125 कोटी झेरॉक्सांची. देशातल्या बहुतेकांच्या आधारची एकेक प्रत निघेल. ती बहुधा निघालेलीच आहे.

कंपन्या या 250 कोटींना घाबरून आणखी कुलपं लावतील. लावू देत. पण खिडकीने 'प्रिंट आणा' म्हणायचं थांबवलं, तर दुकानात जाणाऱ्या फाइली तिथेच निम्म्या होतील, आणि त्याला सॉफ्टवेअरही लागत नाही, टेंडरही नाही. कदाचित म्हणूनच अडलंय. तोवर मास्क्ड आधार काढायचा उपाय आपल्या हातात आहेच. मोबाइलवर फुकट निघतं. मागच्या महिन्यात मी तेच छापून खिडकीवर दिलं. पलीकडच्या बाईंनी आधी ते उजेडात धरलं, मग मला, आणि म्हणाल्या, "यात आकडे उमटले नाहीत हो. शाई संपली असेल त्याची. दुसरीकडून काढून आणा."