चाळीस घोडे आणि एक मामा

गडबच्या माणसाला वेग हवा असेल तर तो पाण्यातच शोधावा लागतो. गावावरून मुंबई-गोवा महामार्ग जातो आणि त्याच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं, एवढं सांगितलं की रस्त्यावरच्या वेगाचा विषय संपतो. शर्यतीची हौस भागवायला पूर्वी बैल होते. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या शर्यती बंद केल्या, आणि 2021च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळेपर्यंत आमच्याकडचे कितीतरी तरणेबांड गडी हात चोळत बसून राहिले. माझा मामेभाऊ बसला नाही. त्याची नजर खाडीतल्या बापाच्या होडीवर गेली.

होडी फायबरची, तळाला गोलसर, मागे निमुळती, आणि मागच्या फळीला 9.9 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. एवढ्या भांडवलावर मामाने धरमतरच्या खाडीत अर्धा जन्म काढला होता. त्या होडीला घाई म्हणून कधी झाली नव्हती.

मार्च 2017 मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींच्या शर्यती झाल्या, त्या बघायला हा मुंबईला गेला आणि तोंड पाडून परत आला. सगळ्या बोटी एकसारख्या, सगळ्यांना 250 हॉर्सपॉवरचं एकच इंजिन. "सगळ्यांची इंजिनं सारखीच, दादा, मग शर्यत कसली? ती तर वरात झाली!" त्याच्या मते शर्यत पाण्यात जिंकायची नसतेच, ती आदल्या रात्री, पाना हातात घेऊन, बॅटरीच्या उजेडात जिंकायची असते. बैलगाडीवाल्यांचंही खासगीत हेच मत असतं, फक्त ते पान्याऐवजी खुराक म्हणतात.

मग 40 हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन आलं. कुठून आलं ते त्याने सांगितलं नाही आणि कितीला आलं ते मामाने विचारलं नाही. पहिल्या चाचणीला मामा नाळेवर बसला होता. मामेभावाने मूठ पिळली तशी होडीचं बूड खाली बसलं, नाळ वर गेली आणि मामा आकाश बघायला लागला. मागे पाण्याचा हा मोठा डोंगर उठला. वेग मात्र होता तिथेच.

यात इंजिनाचा दोष नव्हता. विल्यम फ्राउड नावाच्या इंग्रज इंजिनियरने एकोणिसाव्या शतकात छोट्या नमुना-होड्या हौदात ओढून लाटांचा पुष्कळ हिशेब मांडून ठेवलाय. होडी चालली की लाट काढते, आणि वेग वाढेल तशी ती लाट लांब होते. लाट होडीएवढी लांब झाली की होडी आपणच काढलेल्या लाटेचा चढ चढत बसते. पाण्यात 20 फूट लांबी असेल तर ही वेळ साधारण 6 नॉटला, म्हणजे ताशी 11 किलोमीटरला येते. त्यापुढे जायचं तर तळ सपाट हवा, म्हणजे होडी पाणी कापायचं सोडून पाण्यावर चढते. आमची होडी जाळी आणि माणसं वाहायला बांधलेली. तिला चढायचं माहीतच नाही. आणि चढणाऱ्या बोटींचंही गणित कंजूष आहे: हॉर्सपॉवर दुप्पट केली तर वेग जेमतेम 1.4 पट होतो. पेट्रोल मात्र प्रामाणिकपणे दुप्पट जातं.

मामाला फ्राउड पटला नाही, पण आंग्रे पटले. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराने मराठ्यांच्या गलबतांबद्दल लिहिलंय, की चाळीस-पन्नास वल्ही मारली की ती ताशी 4 मैल जात. त्याच 4 मैलांच्या जोरावर आंग्र्यांनी कंपनीच्या जहाजांची झोप उडवली. मामाने हे ऐकलं आणि मुलाला म्हणाला, "आंग्र्यांचा चार मैलांवर भागला, न् तुना कसली घाई? मासली काय इंजिन बगून जाल्यान येते?"

पण मामेभाऊ आता पंख्यापर्यंत पोचला होता. पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे सरकायला हवा, त्याला पीच म्हणतात. याने एकदम मोठ्या पीचचा पंखा चढवला. इंजिनाला तो फिरवताना अशी धाप लागली की पहिल्या पंख्याचा वेगही गेला. मग कुणीतरी सांगितलं, शर्यतीच्या बोटींचा पंखा अर्धा पाण्याबाहेर असतो, त्यामुळे पाण्याची ओढ कमी होते. हे खरं आहे. पण ते पंखेही वेगळे आणि त्या बोटीही वेगळ्या. याने सागवानी फळीचा तुकडा घालून इंजिन वर उचललं. सरळ जाताना ठीक. वळण घेतलं की पंखा हवा खायचा, इंजिन किंचाळायचं आणि होडी जागच्या जागी उभी राहायची.

चार्ल्स पार्सन्सचंही जवळपास असंच झालं होतं. त्याने 1894 साली टर्बिनिया नावाच्या बोटीत वाफेचं टर्बाइन बसवलं. ते इतकं जोरात फिरे की पंख्याभोवती पाण्याचे नुसते बुडबुडे होत आणि जोर वाया जाई. शेवटी त्याने तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन असे 9 पंखे लावले, आणि 1897 साली राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवात, सगळ्या आरमारासमोर, 34 नॉटपर्यंतच्या वेगाने बोट पळवून दाखवली. पाठलागाला गेलेल्या नौदलाच्या बोटी मागे राहिल्या. मामेभावाने ही गोष्ट फार मन लावून ऐकली. मग मोबाईल काढून एका पंख्याची किंमत 9ने गुणली आणि मोबाईल परत खिशात ठेवला.

पुढचा उपाय फुकटातला होता. आउटबोर्डचा धूर पंख्याच्या मधून पाण्याखाली सोडतात, म्हणून आवाज दबतो. याने त्याला वरच्या वर वाट करून दिली. वेग तिळभर वाढला नाही, पण कासू स्टेशनवर उभ्या माणसालाही होडी निघाल्याचं कळायला लागलं, आणि गावात ती सगळ्यात जोरात पळणारी ठरली. लोक वेग कानाने मोजतात हे बुलेटवाल्यांना कधीचंच ठाऊक आहे.

मग वजन. आधी बर्फाची पेटी उतरवली, मग जाळी, मग नांगर आणि शेवटी मामा. होडी खरोखरच थोडी पळायला लागली. एवढंच की आता तिच्यात मासे पकडायला काही उरलं नव्हतं. त्यात एकदा ओहोटीच्या वेळी कडेने नेली, तर इंजिन थंड ठेवणारा पंप पाण्याऐवजी चिखल ओढू लागला. बाजूने पडणारी पाण्याची बारीक धार थांबली, इंजिनाने शिट्टी मारली आणि चाळीस घोडे चिखलात उभे राहिले. भरती येईपर्यंत त्यांच्याबरोबर मामेभाऊही.

इंजिन विकायला काढलं तेव्हा रेवसकडून गिऱ्हाईक आलं. मामेभावाने त्याला होडीत बसवून खाडीच्या तोंडाकडे नेलं आणि मोबाईलवर वेग दाखवला: ताशी 24. उधाणाची ओहोटी भरात होती, पण गिऱ्हाईकाने त्याबद्दल काही विचारलं नाही आणि आपण होऊन कोण सांगतं? मामाने त्याच संध्याकाळी जुनं 9.9 परत चढवलं.

काही दिवसांनी फोन आला. तेच इंजिन, आपल्या होडीला लावलंय, पण मोबाईलवर 12च्या वर आकडाच जात नाही म्हणे, फसवलंत. मामेभाऊ घाम पुसत "बघतो, बघतो" करत होता. मामा ओटीवर जाळं विणत होता.

"इचार त्याला," मान वर न करता तो म्हणाला, "भरती हाय का ओटी?"

पलीकडे बराच वेळ नुसता इंजिनाचा आवाज. मग उत्तर आलं: भरती.

"मंग फिरव म्हनावा होरी, न् ये इकरं आमच्याकरं," मामा म्हणाला. "चोवीस दावल."