नकाशातला उन्हाळा

गोंदियाच्या आसपास फ्लॅट स्कीमसाठी जागा शोधायची, तर पूर्वी एक दलाल, एक तलाठी आणि चहाच्या टपरीवरची एक अख्खी दुपार लागे. आता माझा भाचा हे काम पंख्याखाली बसून करतो. पाच-सात गुंठ्यांचा प्लॉट, त्यावर तीन मजले, मजल्याला दोन घरं, एवढीच त्याच्या बिल्डरची झेप. पण तेवढ्यासाठी क्यूजीआयएस नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरात तो साऱ्या शहरावर एकावर एक विरविरीत ओढण्या पसरत जातो. एक स्टेशनपासूनच्या अंतराची, एक रस्त्याच्या रुंदीची, एक शाळांची, एक जमिनीच्या उताराची, एक पांगोली नदीच्या पुराची. प्रत्येकीला गुण द्यायचे, बेरीज करायची, की पडद्यावर हिरवे ठिपके उमटतात. हिरवं जितकं गडद, तितकं तिथं माणसानं राहावं, असं यंत्राचं मत.

यंत्राची आवड मला हळूहळू कळू लागली आहे. त्याला सपाट, मोकळी, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली जागा भावते. त्यामुळे त्याचं पहिलं प्रेम जडलं ते एका स्मशानभूमीवर. डांबरी रस्त्याला लागून, पूररेषेच्या बाहेर, शेजार शांत. शिवाय तिथं एकदा आलेला सहसा जागा बदलत नाही, हा गुण तर भाच्यानं मोजलाही नव्हता. दुसरं प्रेम फुलचूरच्या पुढच्या एका उंचवट्यावर. आम्ही स्कूटरवरून तो उंचवटा बघायला गेलो, तर जमीन परातीसारखी सपाट आणि तिच्यावर जुन्या चिंचांची दाट सावली. भाच्यानं खुलासा केला. ही उंची २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एका अंतराळयानानं अकरा दिवस पृथ्वीभोवती घिरट्या घालून रडारनं मोजलेली. रडारला झाडाचा शेंडा आणि धरणी यांत फारसा भेद कळत नाही. त्यात मापाचा एकेक चौकोन ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ ९ गुंठ्यांचा. आमचा अख्खा प्लॉट, त्यातली विहीर, धुरा आणि धुऱ्यावरून भांडणारे दोघे भाऊ, सगळे एका चौकोनात, एकाच उंचीवर. एवढा समेट त्या भावांमध्ये आजवर कुठल्या तहसीलदाराला घडवता आला नसेल.

पण खरी गंमत तिसऱ्या ठिपक्याची. एवढी गर्द हिरवी जागा भाच्यानं आजवर पाहिली नव्हती. झाड नाही, घर नाही, मधोमध लख्ख मोकळं मैदान. मी चष्मा पुसून पडद्याजवळ गेलो. कडेनं चंद्रकोरीसारखा वाकलेला एक बांध दिसत होता. "अरे, ही बोडी आहे," मी म्हटलं. "पण मामाजी, पाणी कुठं आहे जी?" बोडी म्हणजे शेतांना पाणी देणारा लहान तलाव, पण यात पाणी नव्हतंच. उपग्रहाला फोटो काढायला निरभ्र आकाश लागतं, आणि आमच्याकडे आकाश अगदी निरभ्र असतं त्या उन्हाळ्यात बोड्या आटलेल्या असतात. श्रावणातलं गोंदिया, बांध्यांत रोवण्या चाललेल्या, पाळीपर्यंत पाणी टेकलेलं, बेडकांनी रात्र डोक्यावर घेतलेली, हे त्या वरच्या डोळ्याला धड कधी दिसलेलंच नाही. ढग मध्ये येतात, आणि ढगाळ फोटो रद्दीत जातात. नकाशात आमच्या जिल्ह्याचे बारा महिने मार्च ते मे असेच असावेत.

आणि हा जिल्हा तर तलावांचा. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी ते बांधले. नवेगावबांधचा एवढा थोरला तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी'चे मामा तलाव होऊन बसले. त्या कोहळ्यांकडे ना पडदा, ना गुणांची बेरीज. मला वाटतं, ते पावसात डोक्यावर घोंगडी घेऊन पाण्याच्या मागे मागे चालले असतील, आणि पाणी जिथं घुटमळलं तिथं उभे राहिले असतील. जागा निवडण्याचंच काम ते, फक्त भाच्याच्या उलट. त्यांना हवी होती पाणी थांबेल अशी जागा, याला हवी आहे न थांबेल अशी. इतक्या पिढ्या पाणी अडवण्यात गेल्यावर कोरडी जागा मागणारा हा आमच्या मुलखातला बहुधा नवखाच.

इंग्रजांची मोजणीसुद्धा ढगांना एवढी बिचकत नसे. १८०२ साली मद्रासेहून हिंदुस्थान मोजत निघालेला विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आमच्या विदर्भातच, हिंगणघाटला मोजता मोजता वारला. त्याची माणसं अर्ध्या टनाचं यंत्र घेऊन मुद्दाम पावसाळ्यात रानात शिरत, कारण सरींनी धुतलेल्या हवेत लांबची टेकडी स्वच्छ दिसते. तापानं फणफणत, पण पावसाळा बघून मोजत.

भाचा पोरगा समजूतदार. त्यानं एक नवी ओढणी विणायला घेतली आहे, पाणी साचण्याच्या आठवणींची. वही घेऊन वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरतो. अडचण मापांची आहे. कुणी पाणी घोट्याएवढं सांगतं, कुणी बैलाच्या पोटाला लागेल एवढं, आणि यंत्र विचारतं, मीटर की फूट? सालांचंही तेच. कुणाच्या लग्नाच्या वर्षी, कुणाची म्हैस वाहून गेली त्या वर्षी.

परवा बोडीच्या पाळीजवळ राहणाऱ्या एका आजीनं कमरेवर आडवा हात धरून पाणी दाखवलं. भाच्यानं तिच्या परवानगीनं टेप लावला आणि आकडा वहीत उतरवला. नातू झाल्यावर आपण बुटक्या झालो, तेव्हा चार बोटं वाढव, असंही तिनं बजावलं. मग इथं काय बांधणार, किती मजले, जिना किती पायऱ्यांचा, छतावर वड्या-पापड वाळवू देणार का, सगळं नीट विचारून घेतलं. आम्ही उठलो तशी म्हणाली, "खालचं नको गा बाबू. दुसऱ्या मजल्याचा भाव काय लावतोस?"