पसरेवाली

रायपूरच्या बूढापाऱ्यातली भाजीवाली दुकान थाटत नाही, पसरा मांडते. जमिनीवर एक पोतं, त्यावर लाल भाजी, चेच भाजी, मुनग्याच्या शेंगा, दोन-चार जिमीकांदे आणि मधोमध ती. भल्या पहाटे खेड्यातून आलेली असते ती. पण ऐट अशी, की पाहुणे आपण आणि यजमान ती.

सगळा माल ती कधीच बाहेर काढत नाही. 'बस, एवढीच उरलीय' हे पहिल्याच गिऱ्हाइकाला सांगते. जुड्या संपल्या की पोत्याखालून पुन्हा तेवढ्याच निघतात. चैताच्या सुमारास बोहार भाजी आली की मग तिचा थाट सराफाचा. ही भाजी मिळते मोजके दिवस, त्यामुळे भाव विचारणाऱ्याला ती आधी आपादमस्तक न्याहाळते, मगच टोपलीवरचं ओलं फडकं सरकवते.

इथल्या मराठी काकूंचे सणवार तिला तोंडपाठ. ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी अळू, भेंडी, दोडका, लाल माठ असा वाटा तयारच. काकू खात्री करून घेतात, "बैलाच्या कष्टाचं नाही ना गं?" ती शांतपणे सांगते, "नइ काकी, टेक्टर के आय."

पाच रुपये काकू हटकून कमी करायला लावणार, म्हणून ती ते आधीच चढवून ठेवते. वर पुरौनी म्हणून मूठभर कोथिंबीर. जिंकल्याच्या आनंदात काकू नको असलेला जिमीकांदाही उचलतात. तो घशाला खाजतो, म्हणून चिंच घालायचा सल्ला फुकट. चिंच? तीही तिच्याकडेच.

आणि भाव ऐकून कुणी पुढे गेलंच, तर ती हाक मारत नाही. लहानपणी 1877 पासून दोनेक वर्षं विवेकानंद याच बूढापाऱ्यात राहिले होते. वस्तीतलं वैराग्य हिच्याही वाट्याला थोडं आलं असावं. पाण्याचा एक हबका भाजीवर मारून ती दुसरीकडे बघत बसते. गिऱ्हाईक पुढच्या चार पसऱ्यांवर फिरून, मान खाली घालून परत येतं. तेव्हा भाव तोच असतो, पुरौनी मात्र बंद झालेली असते.

शेतमाल कसा विकावा यावर शिबिरं भरवणाऱ्यांनी बाहेरगावचा वक्ता बोलावण्याआधी हिच्याकडून पावभर भेंडी घेऊन पाहावी. फक्त सुटे पैसे न्यावेत. नाहीतर उरलेल्या पैशांचा जिमीकांदा मिळेल.