सफरचंदातलं ब्लेड

३१ ऑक्टोबरच्या रात्री, म्हणजे हॅलोविनला, अमेरिकेत भुतांचा सुळसुळाट असतो आणि त्यांतल्या एकालाही कोणी घाबरत नाही. चेटकिणी दारात येऊन गोळ्या मागतात, सांगाडे आभार मानतात, आईचं बोट धरलेला ड्रॅक्युला नाक पुसत पुढच्या घराकडे वळतो. तिथल्या किरकोळ विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा अंदाज असा की २०२३ साली या हौसेवर देशाने सुमारे १२२० कोटी डॉलर खर्च केले. एवढा पैसा ओतून जो देश भुतांची टिंगल करतो, त्याला अंधश्रद्धामुक्त म्हणायला हरकत नसावी. पण मुलं घरी परतली की घरोघरच्या स्वयंपाकघरांत एक विधी सुरू होतो. पोराची पिशवी टेबलावर उलटी केली जाते. दिव्याखाली एकेका चॉकलेटचं वेष्टन फिरवून पाहिलं जातं; कुठे भोक आहे का, कुठे घडी सुटली आहे का. संशय आला की माल केराच्या टोपलीत. सफरचंद कोणी दिलंच, तर ते कापून बघायचीही तसदी कोणी घेत नाही. हा उतारा ज्याच्यासाठी, ते भूत मात्र खरं आहे असं चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांचं मत पडतं. ते भूत म्हणजे गोळीत विष कालवणारा, सफरचंदात दाढीचं ब्लेड खुपसणारा अनोळखी शेजारी.

भुताची सगळी लक्षणं त्याच्या अंगी आहेत. ते पाहिलेला माणूस सापडत नाही. पाहिलेल्याला ओळखणारा मात्र दर गल्लीत असतो. ते नेहमी पलीकडच्या गावात दिसतं. ठरल्या तिथीला येतं आणि दुसऱ्या दिवशी गडप होतं, म्हणजे हा विषारी गृहस्थ उरलेलं वर्षभर हिरवळ कापतो, कर भरतो, कुत्र्याला फिरवतो आणि एकाच संध्याकाळी त्याच्या अंगात येतं. या भुतामागे लागलेले पंचाक्षरी म्हणजे समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट. १९८५ साली त्यांनी आणि जेराल्ड होरिउची यांनी १९५८ पासूनची वर्तमानपत्रं चाळून अशा ७६ कथित घटना गोळा केल्या आणि एकेकीचा माग काढला. बहुतेक ठिकाणी हाती लागली ती थाप, आणि ती मारणारा बहुधा मुलगाच. चॉकलेटात टाचणी खुपसून आईला नेऊन दाखवली की घरभर आपलीच चर्चा, शिवाय पोलीस घरी येतात, हे आठ वर्षांच्या मुलाला कोणी शिकवावं लागत नाही. पुढेही बेस्ट वर्षानुवर्षं नोंद ठेवत राहिले, आणि दारोदार मिळालेल्या खाऊतल्या कुणा अनोळखी माणसाच्या विषाने किंवा ब्लेडने मूल दगावल्याचं, गंभीर जखमी झाल्याचं एकही पक्कं उदाहरण त्यांना मिळालेलं नाही. १९८५ सालीच एबीसी न्यूज आणि वॉशिंग्टन पोस्ट यांनी पालकांचा कौल घेतला. त्यात साठ टक्के पालकांना आपल्या मुलावर असा प्रसंग येईल अशी धास्ती वाटत होती.

सरकारं अशा वेळी कायदा करतात. ज्या न्यू जर्सीत आज एडिसनपासून पुढे गावोगाव मराठी कुटुंबं नांदतात, त्या राज्याने १९६८ साली हॅलोविनच्या तोंडावर सफरचंदात ब्लेड घालणाऱ्याला सक्तीचा तुरुंगवास ठरवला. कायद्याचा धाक असा की त्याच वर्षी राज्याच्या पाच काउंट्यांत ब्लेडची तेरा सफरचंदं निघाली. जखमी जवळपास कोणीच नाही आणि तपासाअंती बहुतेक प्रकरणं बनावट. भुताला सरकारी मान्यता मिळाल्यावर त्याचं दर्शन सुलभ होतं, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो.

आता कोणी म्हणेल, आग असल्याशिवाय धूर कसा? आग आहे, आणि ती कुठे आहे हे नीट पाहण्यासारखं आहे. १९७४ च्या हॅलोविनला टेक्सासमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा खरोखरच सायनाइड घातलेल्या गोड पुडीने मेला. देश हादरला. विष घालणारा होता त्याचा बाप, रोनाल्ड क्लार्क ओब्रायन. चष्म्याच्या धंद्यातला, चर्चमधला प्रतिष्ठित माणूस, कर्जात बुडालेला. मुलांच्या नावावर त्याने विमा उतरवला होता. संशय अनोळखी घरावर जावा म्हणून त्याने आपल्या मुलीला आणि इतर मुलांनाही तशाच पुड्या दिल्या होत्या; त्यांनी त्या खाल्ल्या नाहीत, ही केवळ दैवाची कृपा. १९८४ साली त्याला मृत्युदंड झाला. म्हणजे या भुतावर पूर्ण विश्वास ठेवून, त्याच्या आडून जीव घेऊ पाहणारा एकच माणूस नोंदीत आहे, आणि तो घरातला निघाला. त्याआधी १९७० साली डेट्रॉइटमध्ये पाच वर्षांचा मुलगा हेरॉइनने गेला. बातमी झाली हॅलोविनच्या खाऊची. तपासात कळलं की हेरॉइन नातेवाइकाच्या घरातलं होतं आणि घरच्यांनीच ते नंतर गोळ्यांवर भुरभुरलं होतं. दोन्ही वेळा अनोळखी शेजाऱ्याला बोलावणं गेलं ते घरातून.

दारातून धोका आलाच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. १९६४ साली न्यू यॉर्क राज्यातल्या एका गृहिणीने, मोठी मोठी पोरंसुद्धा गोळ्या मागायला येतात म्हणून वैतागून, काही जणांच्या हाती कुत्र्याची बिस्किटं, भांडी घासायची तारेची घासणी आणि मुंग्या मारायच्या विषाच्या चकत्या ठेवल्या. ही थट्टा आहे असं तिने त्यांना सांगितलंही होतं. कुणाला इजा झाली नाही, बाईवर खटला मात्र झाला. २००० साली मिनियापोलिसमध्ये एकाने चॉकलेटात सुया घातल्या. एका मुलाला टोचली, डॉक्टरकडे जावं लागलं नाही. असे चक्रम कुठल्याही देशात निघतात. पण हे आकडे आणि ती साठ टक्के धास्ती यांचा मेळ बसत नाही, आणि न बसणारा मेळ बसवण्यासाठी भूत दर काही वर्षांनी कपडे बदलतं. साठच्या दशकात ब्लेड, सत्तरीत हेरॉइन आणि सायनाइड, पुढे गांजाच्या गोळ्या. २०२२ साली अमली पदार्थविरोधी खात्याने फेंटानिल या जहाल नशेच्या रंगीत गोळ्यांचा इशारा दिला आणि हॅलोविन येईपर्यंत तो थेट मुलांच्या पिशवीत जाऊन बसला. धंदा करणारा आपला महागडा माल दुसरीतल्या पोरांना, ज्यांच्या खिशात पैसा नाही आणि ज्यांना देणाऱ्याचं घर पक्कं आठवेल अशांना, फुकट का वाटेल? भुताला हिशेब विचारायचा नसतो.

सगळ्यात गमतीचा भाग या भुताच्या लाभार्थ्यांचा आहे. १९८२ च्या सप्टेंबरअखेरीस शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामकाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड भरलं आणि सात माणसं मेली. खुनी कोण हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही. महिन्याभरात हॅलोविन आलं. अनेक गावांनी दारोदार फिरण्यावर बंदी घातली, इस्पितळांनी मुलांच्या पिशव्यांचे मोफत एक्स-रे काढायला सुरुवात केली. एक्स-रेमध्ये सुई दिसते, सायनाइड दिसत नाही, पण रांगेत उभ्या आयांना हे सांगायची ती वेळ नसावी. या दोन दशकांच्या घबराटीतून एकच नियम पक्का झाला: घरी केलेलं घ्यायचं नाही, कारखान्यात बांधलेलंच घ्यायचं. शेजारच्या आजीने वळलेले मक्याच्या लाह्यांचे लाडू, घरची बिस्किटं, झाडावरची सफरचंदं हद्दपार झाली. आता पुरावा बघा. ओब्रायनची पुडी कारखान्याची होती. त्याने ती उघडून विष घातलं आणि स्टेपलरने पुन्हा बंद केली. टायलेनॉलही कारखान्याचंच, दुकानाच्या फळीवरचं. सायनाइड ज्या दोन वेळा खरंच निघालं त्या दोन्ही वेळा ते ब्रँडच्या मालात निघालं आणि शिक्षा झाली आजीच्या लाडवाला. एरवी आरोपीलाच साक्षीदाराचं प्रमाणपत्र देणारी पंचायत कुठे भरत नाही. आणि ज्या मराठी घरात त्या रात्री चॉकलेटांची अशी झडती होते, त्याच घरात त्याच हंगामात मंडळातल्या ओळखीपाळखीच्यांकडून फराळाचे डबे येतात. चकली कुणी कुठल्या तेलात तळली हे विचारल्याशिवाय ती कुरकुरत संपते. २०२४ साली तर नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच तारखेला आले होते. टेबल एक, दोन पिशव्या, दोन न्याय.

काळजी घेतली तर बिघडलं कुठे, हा आक्षेप यावर ठरलेला आहे. दोन मिनिटं वेष्टनं तपासली म्हणून कुणाचं नुकसान होतं? याच्याच जोडीला दुसरा: काळजी घेतली म्हणूनच तर घटना घडत नाहीत. दुसरा आधी निकालात काढू. बेस्ट यांची नोंद १९५८ पासूनची आहे, म्हणजे एक्स-रेच्या आणि कायद्याच्याही बऱ्याच आधीपासूनची. तेव्हा मुलं लाडू घरी पोचायच्या आत रस्त्यातच खात होती आणि तरीही कोणी मेलं नव्हतं. पहिल्या आक्षेपाचं उत्तर थोडं लांब आहे, कारण भीती दोन मिनिटांवर थांबत नाही. जॉर्जियाच्या एका काउंटीत शेरीफने २०१८ साली लैंगिक गुन्ह्यांच्या नोंदीत नाव असलेल्यांच्या घरांपुढे ‘इथे गोळ्या मागू नका’ अशा पाट्या रोवल्या. पुढे अपील न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरवल्या. गुन्हेगारावर नजर ठेवू नका असं कोणी म्हणत नाही. पण २००९ साली संशोधकांनी ३० राज्यांतले, कुटुंबाबाहेरच्या माणसांनी मुलांवर केलेले ६७ हजारांहून अधिक लैंगिक गुन्हे तपासले, तेव्हा हॅलोविनच्या आसपास त्यांत काही वाढ दिसली नाही. म्हणजे एका रात्रीपुरती पाटी, उरलेलं वर्ष मोकळं.

हे सगळं वाचून आपल्याकडे कोणी गालातल्या गालात हसत असेल तर त्याने जरा थांबावं. आपली जुनी भुतं निदान पत्ता बाळगून होती. मुंजा पिंपळावर, हडळीचे पाय उलटे, देवचार गावाच्या वेशीला. कोकणात आणि गोव्यात त्याला राखणदार म्हणून रोट मिळतो, म्हणजे तो जवळजवळ ग्रामपंचायतीच्या सेवेतच. नवं भूत बिनपत्त्याचं आहे आणि ते आपल्याकडेही आलं आहे. फक्त इथे ते गोळीत विष घालत नाही, मुलं पळवतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. मोबाईलवर फिरणाऱ्या अफवेने त्यांची ओळख आधीच ठरवून टाकली होती. त्या महिन्यातच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच चॅटवर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. काळजी घेतली तर बिघडलं कुठे, याचं एक उत्तर राईनपाड्यात आहे. तिथल्या जमावालाही आपण मुलांची काळजीच घेतोय असं वाटत होतं.

आणि खरा धोका? तो आहे, मोजलेला आहे, नुसता कंटाळवाणा आहे. १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांतल्या हॅलोविनच्या संध्याकाळी तपासून २०१८ साली एका बालरोगविषयक वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला. पुढच्या-मागच्या आठवड्यातल्या त्याच वारांच्या मानाने या रात्री पादचारी मरण्याचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी तो सुमारे दहापट. मारणारा मोटारीत बसलेला असतो. तो बहुधा त्याच भागातला, त्याच्याही मागच्या सीटवर एखादी चेटकीण बसलेली असू शकते. पण मोटारीला हॅलोविनचं भूत करता येत नाही, कारण ती प्रत्येकाच्या दाराशी उभी असते. शिवाय वेष्टनांची तपासणी मूल घरी पोचल्यावर सुरू होते, म्हणजे धोका टळून गेल्यावर. रात्रीच्या अंधाराची दखल एका उद्योगाने मात्र फार आधी घेतली. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे करण्याचा दिवस हॅलोविननंतर ढकलावा म्हणून मिठाईवाल्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली. १९८५ साली त्यांनी सेनेटरांच्या खुर्च्यांवर साखरेचे भोपळे ठेवले अशी कथा सांगतात. २००५ चा कायदा झाला, २००७ पासून त्या संध्याकाळी एक तास उजेड वाढला. मुलांच्या सुरक्षेचा युक्तिवाद त्यांनी केला, हेतू गोळ्यांच्या खपाचा होता, आणि या साऱ्या इतिहासात मुलांच्या जिवाच्या उपयोगी पडू शकेल असं काही घडलं असेल तर ते एवढंच.

अनोळखी शेजाऱ्याच्या भीतीवर समाजाने शोधलेला तोडगा तर मोटारीशीच सलोखा करणारा आहे. अनोळखी दारं नकोत म्हणून आता शाळेच्या किंवा चर्चच्या पार्किंगमध्ये गाड्या ओळीने लावतात, डिक्या उघडतात, त्यांत कागदी कवट्या टांगतात आणि मुलं या डिकीकडून त्या डिकीकडे गोळ्या गोळा करत फिरतात. तिथे पोचायला सगळे अंधाराच्या सुमाराला गाडी काढतात. आत मात्र निर्धास्त, कारण तिथे जमलेले सगळे एकमेकांना चर्चमधून ओळखत असतात. ओब्रायनलाही सगळे चर्चमधूनच ओळखत होते.