पाळण्यातलं आणि उंबऱ्यातलं

एक ताट, तीन पोरं. नऊ वर्षांचा थोरला घासावर घास घेतो, सहाची त्याच्या बरोबरीने. दोन वर्षांचं पोर भाकरीचा तुकडा चघळत बसतं. त्याचा पहिला घास गिळून होईतो कालवण संपलेलं असतं. आणि चौथं? ते आईच्या मांडीवर, अंगावर पितंय.

मेळघाटातल्या मुलांबद्दल बोलताना आपण ‘कुपोषित कुटुंबं’ म्हणून मोकळे होतो. पण घर एकदम वाळत नाही. चूल तीच, गरिबी तीच. तरी या दोन वर्षांच्या पोराच्या दंडाला पट्टी लावली की घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, तीव्र कुपोषणाच्या लाल पट्ट्यात येतो. पाठचं आलं, याचं दूध तुटलं, आणि ताटावर त्याचा हात अजून पोचत नाही.

गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३०च्या दशकात अंगावर सूज आलेली मुलं पाहिली. त्या दुखण्याला तिथल्या गा भाषेत नाव होतं, क्वाशिओरकोर. नवं बाळ आलं की आधीच्याला जडतं, ते दुखणं. तिथल्या आयांना कारण ठाऊक होतं. वैद्यकाने नाव तेवढं उचललं.

आपल्याकडे अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलासाठी आहाराचा पुडा घरी जातो. घरी तो सगळ्यांत वाटला जातो. त्यासाठी आईला बोल लावू नका. सहा वर्षांची भुकेली लेक समोर असताना कोणती आई पुडा लपवेल? थोरल्यांची पोटं भरतील एवढं धान्य घरात असेल, तरच धाकट्याचा पुडा धाकट्याच्या पोटात जाईल.

या पोराचं पोट त्याच्या मुठीएवढं. त्याला दिवसातून चार-पाचदा, थोडं थोडं, वर चमचाभर तेल घालून भरवायला हवं. आई मजुरीला गेली तर भरवणार कोण? म्हणून गावात पाळणाघर हवं, त्याची स्वतःची वाटी हवी, आणि दोन बाळंतपणांत अंतर ठेवायचं की नाही, हे त्या बाईच्या हातात हवं.

एवढं होईपर्यंत निदान एक काम उद्यापासून करता येईल. आरोग्य कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी गेली की पाळण्यातल्या बाळाचं वजन होतंच. उंबऱ्याशी बसलेल्या आधीच्यालाही काट्यावर घ्या.